नगावर मजुरी आणि सूक्ष्मदर्शकाखालची नजर

काही वस्तूंचा दर्जा ग्राहकाला विकत घेताना कळत नाही आणि वापरून झाल्यावरही कळत नाही. गॅरेजवाल्याने बदललेला सुटा भाग खरोखरच बदलायला हवा होता काय, हे गाडीच्या मालकाला बहुधा कधीच समजत नाही. १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी अशा वस्तूंचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिला. मराठीत त्यांना ‘विश्वासाच्या वस्तू’ म्हणता येईल. या वस्तूंच्या बाजारात किंमत सर्वांना दिसते, दर्जा कोणालाच दिसत नाही, आणि मग स्पर्धा केवळ किमतीची उरते. वर्गात हे तत्त्व शिकविताना गॅरेजचे उदाहरण सोपे पडते. परंतु त्याचे सर्वांत नेमके आणि सर्वांत निष्ठुर उदाहरण वैद्यकीय प्रयोगशाळेत सापडते. स्त्रीच्या गर्भाशयमुखातून घेतलेल्या पेशींचा लेप काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. ती तपासणी किती कसोशीने होते, हा तो विषय होय.

या तपासणीला तिच्या जनकाच्या नावावरून ‘पॅप चाचणी’ म्हणतात. जॉर्ज पापानिकोलाऊ हा मूळचा ग्रीक संशोधक न्यूयॉर्कमध्ये काम करीत होता. १९२८ मध्ये त्याने आपली कल्पना प्रथम मांडली तेव्हा तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही; १९४१ साली हर्बर्ट ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर त्याने निबंध प्रसिद्ध केल्यावर वैद्यकविश्व जागे झाले. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. पेशींत प्रथम किरकोळ विकृती दिसते, ती वाढत जाते, आणि तिचे कर्करोगात रूपांतर होण्यास सामान्यतः दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. या अवधीत विकृत पेशी नजरेस पडल्या तर साध्या उपचाराने रोग टळतो. ज्या देशांत ही चाचणी नियमितपणे झाली तेथे या रोगाचे मृत्यू निम्म्याहून कितीतरी खाली आले. एवढ्या स्वस्त साधनाने एवढे मोठे यश वैद्यकाच्या इतिहासात थोड्याच वेळा मिळाले असेल.

हे यश मिळते कसे, हे नीट पाहण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीच्या एका काचपट्टीवर सुमारे पन्नास हजारांपासून तीन लाखांपर्यंत पेशी असतात. त्यांत विकृत पेशी मूठभरच असू शकतात, आणि त्याही एका कोपऱ्यात. तंत्रज्ञाला काचपट्टी भिंगाखाली सरकवीत, शेतकरी तासाला तास लावून नांगरतो त्याप्रमाणे, तिचा प्रत्येक पट्टा पाहावा लागतो. येथे एक गोष्ट सहज निसटून जाते. ‘विकृती आहे’ असे म्हणण्यास एक पेशीसमूह दिसला तरी पुरते. ‘विकृती नाही’ असे म्हणण्यास मात्र सारी काचपट्टी पाहावी लागते. म्हणजे ज्या निष्कर्षाकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही, जो शंभरातील नव्वदांहून अधिक स्त्रियांच्या वाट्याला येतो, तोच काढण्यास सर्वांत अधिक कष्ट लागतात. आणि पूर्ण पाहून लिहिलेला ‘नॉर्मल’ व अर्धवट पाहून लिहिलेला ‘नॉर्मल’ यांत कागदावर कसलाही भेद नसतो. अर्धवट पाहिलेल्यांपैकीही बहुतेक अहवाल खरेच ठरतात, कारण बहुतेक स्त्रिया निरोगीच असतात. निष्काळजीपणा येथे वर्षानुवर्षे अचूकतेचा मुखवटा घालून वावरू शकतो.

अशा कामाची मजुरी नगावर ठरविली तर काय होईल? अमेरिकेत नेमके तेच झाले होते. १९८७ च्या नोव्हेंबरात ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या दैनिकाने वॉल्ट बॉगडॅनिक या वार्ताहराची लेखमाला छापली. देशभरच्या डॉक्टरांकडून टपालाने काचपट्ट्या मागवून कमीत कमी दरात त्यांचा फडशा पाडणाऱ्या प्रयोगशाळा त्याने उजेडात आणल्या. ‘पॅपच्या गिरण्या’ हे त्यांचे नाव तेव्हापासून रूढ झाले. तेथील तंत्रज्ञांना काचपट्टीमागे पैसे मिळत आणि तज्ज्ञांना सुरक्षित वाटे त्याच्या कितीतरी पट काचपट्ट्या ते दिवसाकाठी हातावेगळ्या करीत. लेखमालेला १९८८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

नगावर मजुरी ही पद्धत मुळातच वाईट आहे असे मात्र म्हणता येणार नाही. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते. त्या मजुरीच्या दराविषयी पुष्कळ बोलता येईल; पण विडी सैल वळली तर ती संध्याकाळी माल देताना तिथल्या तिथे बाजूला काढली जाते, किंबहुना अनेकदा चांगलीही काढली जाते. माल मोजणारा आणि मालाचा दर्जा पाहणारा तेथे एकच असतो. काचपट्टीच्या बाबतीत मोजणारा रोज हजर असतो, दर्जा पाहणारा मात्र दहा वर्षांनी येतो, आणि तो रोगाच्या रूपाने येतो. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम यांनी १९९१ च्या एका निबंधात हेच गणिताने सिद्ध केले. कामाच्या दोन अंगांपैकी एक मोजता येत असेल आणि दुसरे येत नसेल, तर मोजता येणाऱ्या अंगावर मोबदला ठेवताच दुसरे अंग सुकत जाते. दोघांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. न मोजता येणारे काम नगावर देऊ नये, हे सांगण्यास नोबेलची गरज नव्हती असे विड्या वळणारी म्हणेल, आणि तिचे म्हणणे खोटे नाही.

शंभराची मर्यादा

लेखमालेनंतर अमेरिकी काँग्रेसने १९८८ मध्ये प्रयोगशाळांसंबंधीच्या कायद्यात मोठ्या दुरुस्त्या केल्या. त्याखालील नियम आजही लागू आहेत आणि मुळातून वाचण्याजोगे आहेत. एका तंत्रज्ञाने चोवीस तासांत शंभराहून अधिक काचपट्ट्या तपासायच्या नाहीत, आणि शंभर तपासायच्या तर त्या आठ तासांहून कमी वेळात उरकायच्या नाहीत. तो दोन प्रयोगशाळांत काम करीत असेल तर दोन्हींची बेरीज धरायची. काचपट्ट्या प्रयोगशाळेच्या आवारातच पाहायच्या, घरी न्यायच्या नाहीत. ‘नॉर्मल’ ठरलेल्यांपैकी किमान दहा टक्के दुसऱ्या अनुभवी माणसाने पुन्हा पाहायच्या. एखाद्या स्त्रीच्या काचपट्टीत गंभीर विकृती आढळली, तर तिच्या मागील पाच वर्षांतील ‘नॉर्मल’ काचपट्ट्या उपलब्ध असतील तर काढून परत तपासायच्या. शंभर ही कमाल मर्यादा आहे, ते कामाचे उद्दिष्ट मानू नये, असेही नियमात स्पष्ट लिहिले आहे. हे वाक्य ज्याने घातले त्याला कारखान्यांचा स्वभाव ठाऊक असला पाहिजे. कमाल म्हणून लिहिलेला आकडा व्यवस्थापनाच्या हाती पडला की त्याचा किमान होण्यास वेळ लागत नाही.

आकडेमोड साधी आहे. आठ तासांची ४८० मिनिटे. शंभर काचपट्ट्यांना प्रत्येकी पाच मिनिटांहूनही कमी. त्यातच नाव पडताळणे, नोंद करणे आणि डोळ्यांना विसावा देणे आले. अमेरिकेतील पेशीविकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेने पुढे नेमलेल्या एका गटाला ही मर्यादा फार सैल वाटली. दिवसाची सरासरी सत्तरच्या आत असावी आणि हे काम दिवसातून सात तासांहून अधिक नसावे, अशी शिफारस त्याने २०११ च्या सुमारास केली.

उत्तरपत्रिकांच्या तपासणीचा अनुभव असलेल्या शिक्षकांना हे सारे नवे वाटणार नाही. तेथेही मोबदला नगावर असतो, गठ्ठे ठरावीक दिवसांत परत द्यायचे असतात, आणि ऐंशीवी उत्तरपत्रिका पहिलीइतक्याच ताज्या मनाने वाचली गेली हे छातीवर हात ठेवून कोणी सांगणार नाही. म्हणूनच विद्यापीठांनी नियामक नेमले, नमुन्यादाखल फेरतपासणी ठेवली. मात्र तेथे विद्यार्थ्याला आपण काय लिहिले हे माहीत असते. गुण कमी पडले तर तो पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करतो. त्या स्त्रीला आपल्या काचपट्टीवर काय होते हे ठाऊक नसते. तिच्या हाती पडतो तो समाधानकारक निकाल, आणि समाधानकारक निकालाविरुद्ध अर्ज कोण करील?

आता थोडे डोळ्यांविषयी. हार्वर्डमधील मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रांच्या गर्दीत लपलेली वस्तू शोधण्याचे काम त्यांनी लोकांना दिले. निम्म्या चित्रांत ती वस्तू होती तेव्हा शोधणाऱ्यांची नजर ७ टक्के वेळा चुकली. शंभरात एकाच चित्रात ती ठेवली तेव्हा तीच माणसे ३० टक्के वेळा चुकली. वस्तू तीच, डोळे तेच. शोध व्यर्थ जाण्याची सवय तेवढी जडली. पुढे प्रत्यक्ष काचपट्ट्या वाचणाऱ्या तंत्रज्ञांवर असाच प्रयोग झाला आणि परिणाम त्याच दिशेचा निघाला. तेव्हा नजर चुकणे हा केवळ आळसाचा किंवा बेइमानीचा भाग नाही. विरळ गोष्ट शोधीत बसणाऱ्या प्रामाणिक माणसाचा डोळाही थांबण्याची घाई करतो. नगावरची मजुरी त्या घाईला बक्षीस देते, इतकेच.

यावर कोणी म्हणेल की नफेखोर कंपन्या बाजूला सारा, पगारी नोकर नेमा, प्रश्न सुटेल. तो इतका सहज सुटत नाही. इंग्लंडमधील केंट परगण्यात कँटरबरीचे सरकारी आरोग्यसेवेचे रुग्णालय आहे. १९९० ते १९९५ या काळातील तेथील वाचनात गंभीर चुका आढळल्यावर सुमारे ९१,००० काचपट्ट्या पुन्हा तपासाव्या लागल्या. तेथे नगावर मजुरी नव्हती. अपुरी माणसे, ढिली देखरेख आणि ऐकून न घेणारे वरिष्ठ होते. न्यूझीलंडमधील गिझबर्न येथे एकच विकृतिशास्त्रज्ञ आपल्या खासगी प्रयोगशाळेत एकट्याने काचपट्ट्या वाचीत असे. त्याच्यावर कोणाचा डोळा नव्हता. त्याच्या निवृत्तीनंतर वीस हजारांहून अधिक काचपट्ट्या सिडनीला पाठवून पुन्हा वाचून घेतल्या गेल्या, आणि २००१ मध्ये चौकशी समितीने आपला अहवाल दिला. या दोन प्रकरणांवरून दिसते ते असे की मोबदल्याची रीत बदलणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. दुसऱ्या माणसाची नजर हवी, आणि ती अपवाद म्हणून न ठेवता रिवाज म्हणून ठेवायला हवी.

आयर्लंडची कहाणी या दोहोंहून निराळी आहे, आणि आपल्याला अधिक जवळची. तेथील सरकारने २००८ मध्ये राष्ट्रीय तपासणी योजना सुरू केली आणि काचपट्ट्यांचे वाचन निविदा काढून अमेरिकी कंपनीकडे सोपविले. देशांतर्गत प्रयोगशाळांत काम तुंबले होते, अहवालांना महिनोन्‌महिने लागत, त्यामुळे निर्णयास कारण नव्हते असे नाही. परंतु अमेरिकेत तेव्हा दरवर्षी चाचणी करण्याचा परिपाठ होता. एका वर्षी नजर चुकली तरी पुढच्या वर्षी सापडण्याची आशा असे. आयर्लंडमध्ये तरुण स्त्रियांची चाचणी तीन वर्षांनी व्हायची. एका चुकीची किंमत तेथे साहजिकच अधिक होती.

व्हिकी फेलन यांची २०११ ची काचपट्टी ‘नॉर्मल’ ठरली. २०१४ मध्ये त्यांना कर्करोगाचे निदान झाले. त्यानंतर जुनी काचपट्टी पुन्हा पाहिली गेली, ती चुकीची वाचली गेली होती असे दिसून आले, आणि ही गोष्ट त्यांना २०१७ पर्यंत कोणी सांगितली नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये टेक्सासमधील प्रयोगशाळेने दोष कबूल न करता पंचवीस लाख युरो देऊन दावा मिटविला. गुप्ततेच्या अटीवर सही करण्यास फेलन यांनी नकार दिला म्हणूनच बाकीच्या स्त्रियांना आपापले सत्य कळू शकले. अशा स्त्रियांची संख्या २२१ निघाली. फेलन २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये वारल्या. सरकारने नेमलेल्या डॉ. गेब्रिएल स्कॅली यांच्या चौकशीत परदेशी प्रयोगशाळांचे काम अव्वाच्या सव्वा वाईट होते असा पुरावा मिळाला नाही, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. त्यांच्या २०१९ च्या पुरवणी अहवालात मात्र वेगळीच बाब पुढे आली. काम सहा प्रयोगशाळांत होते अशी समजूत होती. प्रत्यक्षात ते सोळा ठिकाणी झाले होते. काचपट्टी कोणत्या गावी, कोणाच्या भिंगाखाली गेली, हे ती पाठविणाऱ्या सरकारलाच ठाऊक नव्हते.

न्यायालयांनी यात एक कसोटी घालून दिली आहे. कँटरबरीच्या प्रकरणात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९९ मध्ये आणि रूथ मॉरिसी यांच्या दाव्यात आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती उचलून धरली. आशय असा की वाचणाऱ्याला पूर्ण खात्री असल्याखेरीज त्याने ‘नॉर्मल’ म्हणू नये. या शब्दांनी वैद्यकविश्वात खळबळ उडाली. निर्दोष चाचणी कोणतीच नसते, आणि रोग झाल्याचे माहीत असताना जुन्या काचपट्टीत तो दिसणे सोपे असते, ही डॉक्टरांची तक्रार रास्त आहे. पण कसोटी नीट वाचली तर ती चूक न करण्याची सक्ती करीत नाही. शंका असेल तर ती लिहा, एवढेच म्हणते. अडचण आहे ती वेगळ्याच ठिकाणी. पाचव्या मिनिटाला पुढची काचपट्टी उचलावी लागणाऱ्या माणसाकडून न्यायालय पूर्ण खात्री मागते, आणि ती पाच मिनिटे ज्याने ठरविली तो न्यायालयासमोर सहसा येतच नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे दोन स्त्रियांच्या मृत्यूबद्दल प्रयोगशाळा चालविणाऱ्या कंपनीवरच मनुष्यवधाचा खटला भरला गेला आणि तिला दंड झाला, तो विरळा अपवाद.

यंत्राने हा प्रश्न मिटेल अशीही आशा होती. २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एक यंत्र काचपट्टी आधी स्वतः पाहून संशयास्पद अशा बावीस जागा तंत्रज्ञासमोर ठेवते. वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला? तंत्रज्ञाच्या नव्हे. रोजची कमाल मर्यादा शंभरावरून दोनशेपर्यंत गेली. २०१० मध्ये नियंत्रकांना पुन्हा हस्तक्षेप करून सांगावे लागले की केवळ बावीस जागा पाहिल्या तर ती अर्धी काचपट्टी मोजा, आणि त्या पाहून पुन्हा पूर्ण काचपट्टी पाहिली तर ती दीड मोजा.

धाराशिवचा धडा

आता आपल्याकडे. या विषयातील जगातील एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रात झाला, हे आपल्या सुशिक्षितांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. तत्कालीन उस्मानाबाद, आजचा धाराशिव जिल्हा. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांनी आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने तेथील तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गावांच्या समूहांनुसार चार गट केले. एका गटाची विषाणूची चाचणी, दुसऱ्याची काचपट्टी, तिसऱ्याची डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच व्यवस्था. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे बराच वाद झाला आणि तो अस्थानी नव्हता. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या रोगाने झालेले मृत्यू चौथ्या गटात ६४, विषाणूच्या चाचणीच्या गटात ३४, आणि काचपट्टीच्या गटात ५४. येथे काचपट्ट्या खास प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी, देखरेखीखाली वाचल्या होत्या. तरीही आयुष्यात एकदाच केलेल्या काचपट्टीच्या चाचणीने संख्याशास्त्राला मान्य होईल इतका फरक पडला नाही. विषाणूच्या एकाच चाचणीने पडला.

मग काचपट्टीची चर्चा हवीच कशाला, असे कोणी विचारील. नेदरलँड्स व ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये आणि इंग्लंडने २०१९ मध्ये विषाणूची चाचणी प्रथम ठेवली, हे खरे. परंतु विषाणू सापडलेल्या स्त्रियांपैकी उपचार कोणाला हवा, हे ठरविण्यासाठी तेथे काचपट्टी वाचावीच लागते. आणि आपल्या शहरांतील खासगी प्रयोगशाळांत आजही हीच चाचणी सर्रास चालते. भारतात दरवर्षी लाखाहून अधिक स्त्रियांना हा रोग होतो आणि पंचाहत्तर हजारांहून अधिक दगावतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी कधी तरी तपासणी झालेल्या दोन टक्क्यांच्याही खाली होत्या. हे प्रमाण वाढायला हवे याबद्दल दुमत नाही. ते वाढेल ते बहुतांशी शिबिरांतून आणि निविदांतून वाढेल. शिबिरात किती महिलांची तपासणी झाली याचा आकडा दुसऱ्या दिवशी छायाचित्रासह छापून येतो. त्या काचपट्ट्या कोठे गेल्या, किती जणांनी किती दिवसांत वाचल्या, हे त्या बातमीत नसते. प्रयोगशाळेने गुणवत्तेची राष्ट्रीय मान्यता घेणे आपल्याकडे ऐच्छिक आहे, आणि कमीत कमी दराची निविदा स्वीकारण्याची सवय सर्व सरकारी खात्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. आयर्लंडने अनुभवलेली परिस्थिती अशीच तयार होते.

यावर उपाय म्हणून नवा कायदा मागण्याची प्रस्तुत लेखकाला घाई नाही. महापालिकांनी, जिल्हा परिषदांनी आणि विमा कंपन्यांनी आपल्या करारपत्रात काही रकाने वाढवावेत, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. काचपट्टी वाचणाऱ्याला मासिक वेतन आहे की नगावर मोबदला. प्रत्येक तंत्रज्ञाने त्या दिवशी किती काचपट्ट्या किती तासांत पाहिल्या. ‘नॉर्मल’ ठरलेल्यांपैकी किती दुसऱ्या माणसाने पाहिल्या आणि त्यांत किती फरक निघाला. काम दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठविले असल्यास कोणत्या. अमेरिकेत तंत्रज्ञागणिक संख्या आणि तास यांची नोंद ठेवणे प्रयोगशाळेवर बंधनकारक आहे. ती आपल्याकडे मागितल्याने कोणाचे व्यापारी गुपित फुटणार नाही. रकाने छापण्यास खर्च नाही. चाचणीचा दर मात्र त्यामुळे वाढेल, आणि तो कितीने वाढला हे निविदा उघडतील त्याच दिवशी समजेल.